घड्याळ आणि वजनकांटा

कोणत्याहि शाळेच्या पारितोषिक-समारंभास जावें आणि टाळ्या कशाला पडतात तें पाहावें, म्हणजे त्या शाळेंतील मुलें पुढल्या वर्षीं कशाच्या मागें लागतील हें सांगतां येतें. जें मोजतां येतें त्याला टाळी पडते: परीक्षेचे गुण, शर्यतीचे सेकंद, उडीचे फूट आणि इंच. मोजमापाविरुद्ध आमची तक्रार नाहीं. शिक्षकाचा अर्धा जन्म तर आंकडे मांडण्यांतच जातो. परंतु आंकडा माणसासाठीं आहे, माणूस आंकड्यासाठीं नाहीं, ही गोष्ट विसरली म्हणजे काय होतें, आणि ती पुन्हां आठवली म्हणजे काय होतें, हीं दोन्ही चित्रें एकाच आयुष्यांत पाहावयास मिळणें विरळा. हॉलंड देशांतील एका सायकलपटू बाईंच्या चरित्रांत तीं मिळतात. म्हणून तें चरित्र आम्ही आज आमच्या विद्यार्थ्यांपुढें, आणि विशेषतः त्यांच्या पालकांपुढें, ठेवीत आहों.

हॉलंड, म्हणजे नेदरलंड्स, हा देश आमच्या वाचकांस इतिहासाच्या पुस्तकांतून ठाऊक आहे. वेंगुर्ल्यास ज्यांची वखार होती ते वलंदेज लोक तेथलेच. देश बहुतेक सपाट. कित्येक भाग तर समुद्रसपाटीच्याहि खालीं. अशा भूमीवर सायकल ही चैनीची किंवा केवळ खेळाची वस्तु न राहतां पायांतल्या वहाणेइतकी नित्याची होऊन बसली आहे. ह्या देशाच्या उत्तर ब्राबांट प्रांतांतील बूकल नांवाच्या लहानशा गांवीं २२ मार्च १९७० रोजीं लिऑन्टीन व्हान मूर्सेल ह्यांचा जन्म झाला.

सायकलच्या शर्यती मुख्यतः दोन तऱ्हांच्या असतात: एक रस्त्यावरची आणि दुसरी बांधीव धांवपट्टीवरची. ही पट्टी बहुधा लाकडी फळ्यांची, अडीचशें मीटर घेराची, आणि वळणावर छपरासारखी उतरती केलेली असते. तिच्यावरील सायकलला एकच गिअर असतो आणि ब्रेक मुळींच नसतो. चाक फिरत आहे तोंपर्यंत पायहि फिरलेच पाहिजेत. थांबावयाचें झाल्यास पायांनींच वेग हळूहळू आवरावा लागतो. ह्या पट्टीवर 'पाठलाग' नांवाची एक शर्यत असते. तींत दोन स्वार पट्टीच्या समोरासमोरच्या बाजूंस उभे राहतात, एकदम सुटतात आणि एकमेकांचा पाठलाग करतात. एकानें दुसऱ्यास गांठलें तर शर्यत तेथेंच संपली. नाहीं तर ज्यास वेळ कमी लागला तो जिंकला. स्त्रियांसाठीं त्या काळीं हें अंतर तीन हजार मीटर, म्हणजे बारा फेरे, होतें. येथें घोळक्यांत लपावयास जागा नाहीं, दुसऱ्याच्या आड राहून वारा चुकविण्याची सोय नाहीं. स्वार, सायकल आणि घड्याळ, एवढेंच.

१९९० सालीं जपानमध्यें भरलेल्या जागतिक स्पर्धेंत ह्या पाठलागाच्या शर्यतीचें अजिंक्यपद लिऑन्टीनबाईंनीं मिळविलें. तेव्हां त्यांचें वय अवघें वीस वर्षांचें होतें. पुढल्याच वर्षीं जर्मनींतील स्टुटगार्ट येथें रस्त्यावरील शर्यतीचें जागतिक अजिंक्यपद त्यांनीं जिंकलें, आणि १९९३ सालीं नॉर्वेच्या ऑस्लो शहरीं तेंच पद पुन्हां त्यांच्याकडे आलें. वरवर पाहणारास ही चढती कमान दिसली असती. आंत काय चाललें होतें तें मात्र निराळें होतें.

त्या काळीं स्त्रियांच्या सायकल-शर्यतींत फ्रान्सच्या जानी लोंगो ह्या बाईंचा मोठा दरारा होता. लोंगोबाई वयानें सुमारें बारा वर्षांनीं वडील, अनुभवानें पक्क्या आणि डोंगराच्या चढणीवर पटाईत. सपाट देशांत वाढलेल्या मुलीनें चढणीवर त्यांना हरवावें तरी कसें? चढणीवर स्वाराला आपल्या शरीराचा भार स्वतःच वर न्यावा लागतो. भार हलका तितकें काम कमी. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकाप्रमाणें हा हिशेब खरा आहे. लिऑन्टीनबाईंनीं तो मनावर घेतला. खाणें कमी केलें, वजन उतरलें, आणि १९९२ सालीं फ्रान्समधील स्त्रियांच्या अनेक दिवसांच्या मोठ्या शर्यतींत त्यांनीं लोंगोबाईंना मागें टाकलेंहि.

घातक मार्गाचें पहिलें फळ पुष्कळदां गोड लागतें, आणि हाच त्या मार्गाचा खरा धोका. अन्न तोडल्याबरोबर अपयश आलें असतें, तर तो मार्ग त्याच दिवशीं सुटला असता. परंतु यश आलें, लोकांनीं वाखाणलें, आणि वजनकांट्यावरील आंकडा खालीं जाणें हीच एक निराळी शर्यत होऊन बसली. घड्याळाच्या शर्यतीस शेवटची रेषा असते. ती ओलांडली कीं स्वारास उतरून विसावा घेतां येतो. वजनकांट्याच्या शर्यतीस तशी रेषा नसते. कितीहि खालीं गेलें तरी आणखी थोडें खालीं जावें असेंच वाटत राहतें. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्यें लिऑन्टीनबाईंस एकहि पदक मिळालें नाहीं. पुढल्या वर्षीं ऑस्लोस त्या जिंकल्या खऱ्या, पण शरीराची पुंजी सरत आली होती. आणि १९९४ सालीं शर्यती सोडून त्यांना घरीं बसावें लागलें. डॉक्टरांच्या भाषेंत त्यांच्या दुखण्याचें नांव ॲनोरेक्सिया नर्व्होझा.

हें नांव नवें नाहीं. लंडनचे डॉक्टर सर विल्यम गल ह्यांनीं तें १८७३ सालीं प्रचारांत आणिलें. त्याचा शब्दशः अर्थ भूक नसणें असा होतो, पण तो फसवा आहे. रोग्यास भूक लागते. तो ती दाबून टाकतो, कारण वजन वाढण्याचें त्यास असें भय वाटूं लागतें कीं कोणी कितीहि समजाविलें तरी तें जात नाहीं. हाडांवर कातडें उरलें तरी आरशांत त्याला आपण लठ्ठच दिसतों. हृदयाचे ठोके मंदावतात, हाडें ठिसूळ होतात, अंगांत ऊब राहत नाहीं, स्वभाव एकलकोंडा होतो. आणि उपाय न झाल्यास मनुष्य दगावतोहि. मुलींमध्यें हा विकार अधिक आढळतो, परंतु मुलगे त्यांतून सुटलेले नाहींत. हा नखरा नव्हे, हट्ट नव्हे, आणि उपासाशींहि ह्याचा संबंध नाहीं. उपास करणारा ठरलेल्या वेळीं उपास सोडतो. ह्या रोग्याला तो सोडतां येत नाहीं.

आमच्या मतें ह्या हकीकतींत सर्वांत विचार करण्याजोगी बाब ही कीं हें दुखणें कोणा आळशास जडलें नाहीं. पहाटे उठणें, नेमानें सराव करणें, मोह आवरणें, वेदना सोसणें, ह्या ज्या गुणांचे गोडवे आम्ही शिक्षक वर्गांत रोज गातों, तेच गुण येथें धन्यावर उलटले. आम्ही मुलांस 'आणखी थोडें' म्हणून सांगतों. 'आतां पुरे' हें सांगावयाचें राहून जातें. उनाड मुलास लगाम पाहिजे हें सर्वांस कळतें. अतोनात नेमाच्या मुलासहि कधीं कधीं लगाम पाहिजे, हें फारसें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं, कारण असें मूल कोणास त्रास देत नाहीं. तें मुकाट्यानें अभ्यास करतें, मुकाट्यानें पळतें, आणि मुकाट्यानें ताट बाजूस सारतें. पट्टीवरील सायकलला ब्रेक नसतो, तो स्वाराच्या पायांतच असावा लागतो असें आम्हीं वर सांगितलें. पण उपाशी पायांत तो कोठून येणार? अति तेथें माती, ही म्हण आम्ही खादाडास आणि उधळ्यास ऐकवितों. कष्टाळू मुलासहि ती तितकीच लागू आहे, हें आतां आम्हीं शिकलें पाहिजे.

लिऑन्टीनबाई ह्या दुखण्यांतून बाहेर आल्या त्या एका दिवसांत नव्हे, आणि एकट्याहि नव्हे. मायकेल झैलार्ड हे पूर्वी स्वतः पट्टीवरच्या शर्यतींत भाग घेत. १९९५ सालीं उभयतांचा विवाह झाला. पुढें बाईंच्या तालमीची आणि शर्यतींची व्यवस्था मायकेल हेच पाहूं लागले, आणि बाई झैलार्ड-व्हान मूर्सेल ह्या जोडनांवानें शर्यतींत उतरूं लागल्या. शर्यती सुटल्यापासून पुढच्या मोठ्या यशापर्यंत चार वर्षें गेलीं. ज्या माणसाचा सारा जन्म सेकंदांच्या हिशेबांत गेला, त्यास चार वर्षें धीर धरावा लागला, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवावें. १९९८ सालीं जागतिक स्पर्धा हॉलंडमध्येंच व्हाल्केनबुर्ख येथें भरली, आणि रस्त्यावर एकेकट्यानें घड्याळाविरुद्ध सायकल हांकण्याच्या शर्यतींत लिऑन्टीनबाई पहिल्या आल्या. १९९९ सालीं इटलींत तें पद त्यांनीं राखिलें.

त्यानंतर सिडनी. २००० सालच्या त्या ऑलिंपिकमध्यें पाठलागाच्या शर्यतीच्या उपान्त्य फेरींत लिऑन्टीनबाईंनीं तीन हजार मीटर अंतर ३ मिनिटें ३०.८१६ सेकंदांत तोडलें. हा त्या वेळचा जगांतील उच्चांक होता. सरासरी वेग ताशीं ५१ किलोमीटरांहून अधिक पडला. अंतिम फेरींत त्यांनीं फ्रान्सच्या मारिओन क्लिन्ये ह्यांना हरविलें. ह्या क्लिन्येबाईहि अपस्माराच्या विकाराशीं झगडत पुढें आलेल्या. तेव्हां त्या सायंकाळीं पट्टीच्या दोन्ही बाजूंस उभ्या असलेल्या स्वारांनीं दुखणें म्हणजे काय तें जवळून पाहिलेलें होतें. पुढें गुणांच्या शर्यतींत लिऑन्टीनबाईंनीं रौप्यपदक मिळविलें. २६ सप्टेंबरला पावसानें भिजलेल्या रस्त्यावर, शेवटच्या धडाक्यांत सर्वांना मागें टाकून दुसरें सुवर्णपदक, आणि ३० तारखेस एकट्याच्या शर्यतींत तिसरें. हॉलंडला सिडनी येथें एकंदर १२ सुवर्णपदकें मिळालीं. त्यांतील ३ ह्या एका बाईंचीं होतीं. २००१, २००२ आणि २००३ ह्या तिन्ही वर्षीं पाठलागाच्या शर्यतीचें जागतिक अजिंक्यपदहि त्यांच्याकडेच राहिलें.

परंतु आम्हांस विचाराल तर ह्या सर्वांहून बोलकी गोष्ट १ ऑक्टोबर २००३ ची आहे. सायकल-शर्यतींत एका तासाचा उच्चांक फार मानाचा समजतात. प्रतिस्पर्धी समोर नसतो. पट्टीवर एकट्यानें एक तास सायकल चालवावयाची आणि किती अंतर झालें तें मोजावयाचें. सर्वांस सारखी संधि मिळावी म्हणून त्या वेळच्या नियमांप्रमाणें हा उच्चांक जुन्या पद्धतीच्या साध्या सायकलीवर करावा लागे. मेक्सिको शहर समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटरांच्या आसपास उंच आहे. तेथील विरळ हवा स्वारास कमी अडविते, पण श्वासाला प्राणवायूहि कमी देते. त्या शहरीं लिऑन्टीनबाईंनीं एका तासांत ४६ किलोमीटर ६५ मीटर अंतर काटलें. पूर्वीचा उच्चांक ४५ किलोमीटर ९४ मीटरांचा होता, आणि तो जानी लोंगो ह्यांनीं त्याच शहरीं २००० सालीं केलेला होता. ज्यांना मागें टाकण्यासाठीं लिऑन्टीनबाईंनीं एके काळीं अन्न तोडलें होतें, त्यांचाच उच्चांक त्यांनीं पोटभर जेवणाऱ्या, धडधाकट शरीरानें मोडला. तो आंकडा पुढें २०१५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ बारा वर्षें, कोणाला ओलांडतां आला नाहीं.

२००४ सालीं ॲथेन्सच्या ऑलिंपिकमध्यें रस्त्यावरील शर्यतींत त्या पडल्या आणि त्यांस शर्यत सोडावी लागली. अवघ्या तीन दिवसांनीं घड्याळाविरुद्धच्या शर्यतींत त्यांनीं पुन्हां सुवर्णपदक मिळविलें, आणि पट्टीवरील पाठलागाच्या शर्यतींत कांस्यपदक. चार सुवर्ण, एक रौप्य आणि एक कांस्य, अशीं एकंदर सहा ऑलिंपिक पदकें गांठीं बांधून त्या वर्षीं त्यांनीं शर्यतींचा निरोप घेतला.

ह्या चरित्रांतून एक सोपा पण खोटा बोध निघूं शकतो, त्याविषयीं सावध करणें आम्हांस अवश्य वाटतें. 'पाहा, दुखण्यावर मात केली म्हणून सुवर्णपदक मिळालें,' असें म्हणण्याचा मोह होतो. परंतु ह्या दुखण्यांतून बरीं होणारीं बहुतेक माणसें कोणतेंहि पदक मिळवीत नाहींत. तीं पुन्हां शाळेंत जातात, नोकरी करतात, घरच्यांबरोबर बसून जेवतात. त्यांचें बरें होणें तिळमात्र कमी मोलाचें नाहीं. आणि कित्येक बरीं होत नाहींत. तीं दुबळ्या मनाचीं होतीं असें म्हणणें क्रूरपणाचें होईल. लिऑन्टीनबाईंनीं सिडनीस एकहि शर्यत जिंकली नसती, तरी त्या बऱ्या झाल्या हीच त्यांच्या आयुष्यांतील सर्वांत मोठी गोष्ट ठरली असती. पदकांचा उपयोग इतकाच कीं त्यांमुळें त्यांचें बोलणें जगानें कान देऊन ऐकलें. आपलें दुखणें त्यांनीं झांकून ठेविलें नाहीं. त्याविषयीं त्या उघड बोलल्या. आणि पुढें अशा रोग्यांना व त्यांच्या घरच्या माणसांना येऊन बसतां यावें, मन मोकळें करतां यावें, म्हणून त्यांनीं आपल्या नांवाचें एक घर उभारिलें.

कोणी म्हणतील, कठोरपणावांचून पराक्रम होत नाहीं. मुलांना फार जपलें तर तीं मऊ पडतील. आम्ही कठोरपणाविरुद्ध नाहीं. तासभर एकटीनें पट्टीवर फिरणें ही कांहीं मऊ माणसाची करामत नव्हे. पण श्रम करून दमणें निराळें आणि शरीराला शत्रु मानून त्याची उपासमार करणें निराळें. पहिल्यानें शक्ति वाढते, दुसऱ्यानें ती आटते. लिऑन्टीनबाईंचीं दोन्ही पर्वें समोर ठेवून पाहावीं. पहिल्या पर्वांत यश आलें, पण ऑलिंपिकचें पदक आलें नाहीं आणि चोविसाव्या वर्षीं शरीरानें जबाब दिला. दुसऱ्या पर्वांत सहाहि पदकें आलीं आणि चौतिसाव्या वर्षापर्यंत शरीरानें साथ दिली.

पालकांस आमची विनंति आहे कीं मुलांच्या अंगकाठीवर बोलणें सोडून द्यावें. आमच्या समाजांत हा विषय म्हणजे जणूं सार्वजनिक मालमत्ता आहे. लग्नकार्यांत, शेजारपाजारीं, 'किती सुटलीस ग' किंवा 'काय रे, नुसती काडी झालास' असें बोलून आपण पुढें जातों. मुलगी तें वाक्य वर्षभर उराशीं बाळगते. तुलना करूं नये आणि टोपणनांवेंहि ठेवूं नयेत. शाळेचा डबा न उघडतां परत येऊं लागला, 'मी आधींच खाल्लें' हें वाक्य वारंवार ऐकूं येऊं लागलें, कपडे ढिले आणि चेहरा ओढलेला दिसूं लागला, तर रागावूं नये आणि थट्टाहि करूं नये. जवळ बसून विचारावें आणि वेळींच डॉक्टरांकडे न्यावें. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयांतील डॉक्टरांनीं १९८० नंतरच्या दशकांत ह्या विकाराच्या लहान वयाच्या रोग्यांसाठीं एक उपचारपद्धति तयार केली. तींत आईबापांना दूर न ठेवतां त्यांनाच उपचाराच्या मध्यभागीं आणिलें. मुलाच्या जेवणाची जबाबदारी कांहीं काळ त्यांनीं घ्यावी, त्याच्याजवळ बसून, न चिडतां, त्यास जेऊं घालावें, अशी ती योजना आहे. अर्थात् ती डॉक्टरांच्या देखरेखीखालींच करावयाची. परंतु घरचें ताट आणि आईबापांचा धीर ह्यांना वैद्यकशास्त्रानेंहि औषधाचा मान दिला, ही गोष्ट लहान नाहीं.

शिक्षकांनींहि आपल्या घरापासून आरंभ करावा. सर्व वर्गासमोर मुलांचीं वजनें मोठ्यानें वाचून दाखविण्याची चाल जेथें असेल तेथें ती बंद करावी. खेळाच्या शिक्षकांनीं 'वजन उतरव' असें परस्पर सांगूं नये. तें सांगणें डॉक्टरांचें काम आहे.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुम्हांस एवढेंच सांगावयाचें आहे. खेळा, दमा, उच्चांक मोडा; परंतु जें अन्न तुम्हांस धांवावयास बळ देतें त्याला घाबरूं नका. तें भय मनांत शिरूं लागलेंच, तर लाजून गप्प बसूं नका. आईस सांगा, वडिलांस सांगा, आमच्यापैकीं ज्या शिक्षकावर तुमचा विश्वास असेल त्यास सांगा. एखादी मैत्रीण किंवा मित्र रोज डबा लपवीत असेल, तर तें मोठ्यांच्या कानावर घालणें ही चहाडी नव्हे, मैत्री आहे. ह्या अंकांत नेहमींप्रमाणें परीक्षांचे निकाल आणि क्रीडास्पर्धांचे आंकडे छापिले आहेत. ते वाचा, ज्यांचीं नांवें आलीं त्यांचें मनापासून अभिनंदन करा, आणि मग अंक मिटून घरच्या सर्वांबरोबर जेवावयास बसा.